जुन्या फेल्ट हॅट, सोला हॅट, पगड्या: वापरता की नुसत्या जपता?

गोदाकाठ
मंडळी, हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. मी जुन्या पुरुषी टोप्या जमवतो आणि घालतोसुद्धा. फेल्ट हॅट (लव दाबून केलेल्या जाड कापडाची), सोला हॅट (साहेबलोक उन्हात घालायचे ती हलकी टोपी), एक पनामा (हातानं विणलेली उन्हाळी हॅट), थोड्या काळ्या टोप्या. बहुतेक पुण्याच्या जुन्या बाजारातून नाहीतर ओळखीतल्या वाड्यांतून आल्यात. वाडा पाडायचा ठरला की माळ्यावरची ट्रंक खाली येते आणि कोट, काठी, हॅट एकत्रच बाहेर पडतात, ती नक्की कुणाची हे पुष्कळदा घरातल्यांनाही सांगता येत नाही.

परवा हातात आलेली एक सांगतो. गडद तपकिरी, काठाला त्याच रंगाची रेशमी फीत. आतली चामड्याची पट्टी उलटी केली की मागच्या शिवणीपाशी इवलासा कागद चिकटवलेला, त्यावर नुसता ७. पट्टीवर सोनेरी ठसा आहे, त्यातलं दुकानाचं नाव घासून गेलंय पण खालचं ‘हॉर्नबी रोड, बॉम्बे’ स्वच्छ वाचता येतं. फेल्ट इतकं दाट की बोटानं दाबून सोडलं तर खळगा आपोआप भरून येतो. आजच्या बाजारात लोकरीच्या ज्या हॅट मिळतात त्यांना ही सर नाही.

माझं मत असं की चांगली हॅट डोक्यावरच टिकते. पेटीत ठेवलेली कडक होते, कसर लागते आणि एक दिवस चामडं तडकतं. तुम्ही वापरता का? कुठे घालून जाता? पावसाळ्यात कशा सांभाळता? आणि सोला हॅट दुरुस्त करणारं कुणी उरलंय का?

पेठकरी
विषय झकास. पण मताशी असहमत. जुनी वस्तू एकदा गेली की गेली. डोक्याचा घाम म्हणजे मीठ, आणि मिठानं चामडं कुजतं, मऊ राहत नाही. आमच्याकडे पणजोबांची चक्रीदार पगडी आहे, ती दसऱ्याला बाहेर काढून हळदकुंकू वाहतो आणि परत ठेवतो. कुणी डोक्यावर घालू म्हटलं तर आई ओरडते, आणि बरोबरच ओरडते.

वऱ्हाडी_ठेचा
वाचतो आहे. नागपूरच्या उन्हात सोला हॅटला तोड नाही हे आधीच सांगून ठेवतो, सविस्तर रात्री लिहितो.

थेम्सतीरी
गोदाकाठ, फोटो टाका हो! तो ७ आकडा ब्रिटिश मापाचा असेल तर तुमची हॅट ५७ सेंटिमीटरची आहे. अमेरिकन मापात तेच डोकं ७ १/८ होतं. जुन्या हॅट ऑनलाइन घेताना पुष्कळ लोक इथेच फसतात, आकडा बघून पैसे भरतात आणि हॅट येते ती कपाळावर बसत नाही. आकड्यावर जाऊ नका, विकणाऱ्याला आतल्या पट्टीचा घेर टेप लावून मोजायला सांगा. शिवाय जुनं चामडं आकसतं, त्यामुळे ५७ लिहिलेली हॅट आज ५६ भरू शकते.

मी लंडनला असतो, इथे या छंदाला वातावरण चांगलं आहे. सेंट जेम्स स्ट्रीटवर लॉक अँड कंपनी नावाचं हॅटचं दुकान १६७६ पासून चालू आहे, शिवाजी महाराज हयात होते तेव्हापासून! गोल टणक बाउलर हॅट १८४९ मध्ये त्यांनीच पहिल्यांदा बनवून घेतली, घोड्यावरून फिरणाऱ्या रखवालदारांच्या टोप्या झाडाच्या फांद्यांना अडकून पडायच्या म्हणून. त्यांच्याकडे डोक्याचा आकार कागदावर टोचून घेणारं एक जुनं फ्रेंच यंत्र आहे, बघायला मुद्दाम जावं असं. डोकं कधीच नीट लंबगोल नसतं हे त्या कागदाकडे बघून कळतं.

मँचेस्टरजवळ स्टॉकपोर्टला तर टोप्यांचं अख्खं म्युझियम आहे. स्टॉकपोर्ट आणि ल्युटन ही दोन्ही टोप्यांचीच गावं, दोन्हीकडच्या फुटबॉल संघांना आजही ‘हॅटर्स’ म्हणतात.

चंद्रभागा
धागा छान. फक्त पुरुषांनीच लिहायचं का? :) माझ्याकडे आजोबांची गांधी टोपी आहे, बेचाळीसच्या चळवळीत ते तीच घालून फिरत. जाड खादी, हातशिलाई, आतल्या घडीवर शाईनं त्यांची आद्याक्षरं. ही या धाग्यात बसते का?

गोदाकाठ
चंद्रभागाताई, बसते म्हणजे काय, मानाच्या जागी बसते. जरा सविस्तर लिहा ना.

काळाघोडा
हॉर्नबी रोड म्हणजे आताचा दादाभाई नौरोजी रोड, तेव्हा हॅट नाव बदलण्याच्या आधीची. त्या रस्त्यावर व्हाइटवे लेडलॉचं मोठं दुकान होतं, साहेबलोकांचे कपडे, बूट, हॅट सगळं तिथे मिळायचं. पुढे त्याच इमारतीत खादी भांडार आलं. विलायती हॅटच्या जागी गांधी टोपी, पत्ता तोच! ही हॅट तिथलीच असं म्हणत नाहीये, त्या भागात कपड्यांची दुकानं भरपूर होती, काळा घोड्याला आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स होतं.

मुंबईकरांनी शोधायचं तर चोरबाजार, मटण स्ट्रीट. शुक्रवारी पहाटे जो बाजार भरतो त्यात कधी कधी हॅट दिसतात. उजाडायच्या आत जायचं, बॅटरी घेऊन. घ्यायच्या आधी आतली पट्टी उलटून बघायची, बाहेरून ब्रश मारून चकचकीत केलेल्या हॅटचा जीव आतच कळतो.

निवडुंग
एक वेगळा मुद्दा मांडतो, राग मानू नये. फेल्ट हॅट, सोला हॅट ही साहेबाची निशाणी. आपल्या लोकांना उन्हातान्हात राबवणारा मुकादम आणि कलेक्टर हीच घालून यायचा. ती आज हौसेनं डोक्यावर ठेवण्यात कसला आनंद? पगडी, फेटा, टोपी जमवा की, आपलं काय कमी आहे का?

तांबडापांढरा
निवडुंगशी निम्मा सहमत. आमच्या कोल्हापुरात फेटा म्हंजे फेटा. पण भावा, हॅट घातली की माणूस साहेब झाला असं नसतंय. भगतसिंगांचा तो फोटो बघ की, एप्रिल १९२९, दिल्लीत काढलेला. डोक्यावर फेल्ट हॅटच हाय. त्या हॅटला साहेबाची निशाणी म्हणणार का कोण?

काळाघोडा
+१. आणि बाबासाहेब. सूट, टाय, हॅट. ज्या समाजाला पायात नीट चप्पल घालायची सुद्धा चोरी होती तिथून आलेल्या माणसानं अंगभर विलायती पोशाख करणं ही नक्कल नव्हती, ती सरळ सरळ घोषणा होती. हॅटकडे बघताना ती कुणाच्या डोक्यावर होती हे आधी बघायला हवं.

निवडुंग
मान्य. हा विचार केला नव्हता. तरी सोला हॅटबद्दल मत कायम.

चंद्रभागा
याच मुद्द्यावर लिहायचं होतं. आमच्या घरात एका पिढीत तीन टोप्या होत्या. थोरले आजोबा वकील, ते पागोटं सोडायला तयार नव्हते. मधले रेल्वेत, त्यांची सोला हॅट. माझे आजोबा धाकटे, त्यांनी गांधी टोपी घातली आणि म्हणे कितीतरी दिवस भाऊ भाऊ एकमेकांशी जेवायच्या पंगतीतही बोलत नव्हते. आज तिन्ही एकाच ट्रंकेत आहेत. म्हणजे डोक्यावर काय आहे यावरून माणूस कुठल्या बाजूचा ते समोरच्याला दारातच कळायचं.

गांधी टोपीचा आकार काश्मिरी टोपीवरून घेतला, हे गांधीजींनी काका कालेलकरांना सांगितलेलं त्यांनी नोंदवून ठेवलंय. निरनिराळ्या प्रांतांतल्या टोप्या बघून, घडी घालता येईल, खिशात मावेल, स्वस्त पडेल आणि धुता येईल अशी ती निवडली. पांढरी का, तर मळली की लगेच दिसते म्हणून धुवावीच लागते.

जपण्याबद्दल एक महत्त्वाचं. ज्यांच्याकडे अशा टोप्या आहेत त्यांनी त्या खळ काढून ठेवा. कडक इस्त्री करून ठेवण्याचा मोह होतो, पण खळ म्हणजे कसरीला जेवण. रिठ्याच्या कोमट पाण्यात अलगद बुडवायची, पिळायची नाही, पंच्यावर पसरून सावलीत वाळवायची आणि जुन्या धुतलेल्या मलमलीत गुंडाळायची. घडीवर घडी पडू देऊ नका, आतमध्ये मलमलीचाच बोळा भरा, नाहीतर खादी घडीवरच विरते.

पेठकरी
चंद्रभागा, दंडवत. वाखुसा (वाचनखूण साठवली).

लोन_स्टार_मराठी
डॅलसहून लिहितोय. इथे हॅट घालणं म्हणजे छंद वगैरे काही नाही, बँकेत, लग्नात, सगळीकडे लोक हॅट घालून असतात, फक्त चर्चमध्ये आणि राष्ट्रगीत लागलं की काढतात. त्यामुळे मला इथे आल्यावर लाजच गेली आणि स्टेट्सन या अमेरिकन कंपनीच्या जुन्या हॅट घ्यायला लागलो. जॉन स्टेट्सननं १८६५ मध्ये फिलाडेल्फियात सुरुवात केली, तो मोठा कारखाना १९७१ मध्ये बंद झाला, आता स्टेट्सन आमच्या शेजारी गार्लंडला बनतात. जुन्या फिलाडेल्फियाच्या हॅटचं फेल्ट हातात घेतलं की फरक लगेच लक्षात येतो.

वय ओळखायची एक युक्ती. अमेरिकन हॅटच्या आतल्या पट्टीमागे कामगार संघटनेचं छोटं लेबल असतं. १९३४ मध्ये दोन संघटना एक झाल्या आणि लेबलवरचं नाव बदललं. नुसतं ‘युनायटेड हॅटर्स ऑफ नॉर्थ अमेरिका’ असेल तर हॅट त्या आधीची, कॅप आणि मिलिनरी हे शब्द जोडलेले असतील तर नंतरची. फेल्टचा दर्जा दाखवणाऱ्या एक्सच्या आकड्यांवर मात्र जाऊ नका. ३एक्स, ५एक्स याचा अर्थ कंपनीगणिक आणि काळागणिक वेगळा, १९४० च्या दशकातली ३एक्स आजच्या कितीतरी मोठ्या आकड्याला भारी पडते.

आता काळजी. पेठकरी आणि गोदाकाठ दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. घामानं चामडं कुजतं हे खरं, म्हणून घरी आलं की पट्टी बाहेर उलटी करून हॅट उताणी ठेवायची, माथा खाली आणि पट्टी वर. घाम वाळतो आणि कडेचा आकार पण बिघडत नाही. काठावर ठेवलेली हॅट काही दिवसांत सपाट होते. उचलताना पुढच्या चिमटीला धरायचं नाही, सगळे सिनेमात बघून तेच करतात आणि तिथेच फेल्ट फाटतं, दोन्ही हातांनी काठ धरून उचला. ब्रश मऊ केसांचा, गडद हॅटला वेगळा आणि फिक्या हॅटला वेगळा, आणि हॅट डोक्यावर असताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं फिरवायचा कारण लव त्या बाजूला बसवलेली असते. पावसात भिजली तर हेअर ड्रायर नको, ऊन नको, कारची मागची काच तर मुळीच नको. आपोआप वाळू द्या. आकार गेला असेल तर किटलीच्या वाफेवर धरून हातानं परत बसवता येतो, फेल्टची हीच मजा आहे.

कोकणी_फणस
कोकणात पावसाळ्यात चार महिने काही वाळतच नाही हो, बुरशीचं काय करायचं? आमच्याकडे आजोबांची काळी फेल्ट दर भाद्रपदात पांढरी झालेली असते.

लोन_स्टार_मराठी
बुरशी ओल्या फडक्यानं पुसू नका, ती आत जाते. ऊन पडेल त्या दिवशी सावलीत, वाऱ्यावर ठेवून कोरडा ब्रश मारा, घराबाहेर. मग हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर, आणि पुड्या मधून मधून बदलत राहा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नुसती बांधून ठेवली तर आतल्या आत ओल धरते. डांबराच्या गोळ्या हॅटला चिकटून ठेवू नका, कापडात बांधून कोपऱ्यात टाका.

रसायनी_दीपा
एक गंभीर सूचना, कृपया सगळ्यांनी वाचा. जुन्या फर फेल्टमध्ये पारा असू शकतो. सशाची किंवा बीव्हरची फर एकमेकांत घट्ट गुंतावी म्हणून ती मर्क्युरिक नायट्रेटच्या द्रावणात भिजवत असत. हॅट बनवणाऱ्या कामगारांचे हात थरथरायचे, दात पडायचे, स्वभाव बदलायचा. अमेरिकेतल्या डॅनबरी गावात या थरथरीला ‘डॅनबरी शेक्स’ असं नावच पडलं होतं. तिथे १९४१ च्या शेवटी फेल्टच्या कामात पारा वापरायला बंदी आली.

घाबरून हॅट फेकून द्या असं म्हणत नाहीये. कधीमधी घातल्यानं पूर्वीच्या कामगारांसारखं काही होणार नाही, ते दिवसभर कोंदट खोलीत वाफेत उभे असत. पण अशी जुनी हॅट किटलीवर धरणार असाल तर अंगणात किंवा उघड्या गच्चीवर करा, जवळ लहान मुलं नकोत, आणि हातमोजे घाला. ब्रशनं उडालेली धूळ नाकात जाऊ देऊ नका. लहान मुलांना खेळायला तर देऊच नका. लोन_स्टार, तुमची किटलीची युक्ती चांगली आहे पण हे त्याला जोडून वाचावं.

लोन_स्टार_मराठी
दीपाताई, फार मोलाचं लिहिलंत. मी यापुढे वाफेचं काम गॅरेजचं दार उघडूनच करणार.

निवडुंग
सशाची फर? म्हणजे एका टोपीसाठी ससे मारायचे? हे तर मला माहीतच नव्हतं.

थेम्सतीरी
बहुतांश फर मांसासाठी मारलेल्या सशांची असते, तरी आक्षेप समजू शकतो. ज्यांना नको त्यांच्यासाठी पनामा आहे. नाव पनामा असलं तरी ती बनते इक्वेडोरमध्ये, तिथल्या तोकिया नावाच्या ताडासारख्या दिसणाऱ्या झाडाच्या कोवळ्या पानांचे धागे काढून हातानं विणतात. त्या विणकामाला २०१२ मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं. मोंतेक्रिस्ती गावची बारीक विणीची पनामा बोटांत धरून उजेडाकडे बघा, विणीची वर्तुळं माथ्यापासून कडेपर्यंत मोजता येतात. मात्र ती गुंडाळून खिशात ठेवायचा प्रयत्न करू नका, जुनी असेल तर घडीवर मोडतेच.

मांडवीकार
आमच्या गोव्यात आजोबांच्या पिढीला चेपें (म्हणजे हॅट) घातल्याशिवाय बाहेर पडणं माहीत नव्हतं. ख्रिस्तावांच्या घरात दारामागे खुंटीवर चेपें आणि खाली छत्री, हे ठरलेलं. चर्चमध्ये शिरताना काढायचं, वाटेत पाद्री किंवा वयस्कर माणूस दिसला की किंचित उचलायचं. ही उचलायची रीत मला फार आवडते. हॅट घालणाऱ्यांनी ती पण जपावी, नुसती हॅट घालून उपयोग काय?

चंद्रभागा
किती छान!

भटक्या_बोका
हॅट घालायचं बंद कशानं झालं पण? केनेडीनं शपथविधीला हॅट घातली नाही म्हणून जगभर हॅटचा धंदा बसला असं वाचलंय.

थेम्सतीरी
ही आवडती अफवा आहे. जानेवारी १९६१ च्या शपथविधीला केनेडी उंच रेशमी टॉप हॅट घालून आले होते, भाषण करताना फक्त काढून ठेवली. फोटो आहेत. हॅट त्याच्या आधीच कमी व्हायला लागल्या होत्या. मोटारींची छपरं खाली आली, चालणं कमी झालं, आणि महायुद्धातून परत आलेल्या पोरांना डोक्यावर काही ठेवायचा कंटाळा आला होता.

टॉप हॅटवरून आठवलं, जुन्या टॉप हॅटचं ते चकाकतं रेशमी प्लश कापड आता कुठेच विणलं जात नाही. त्यामुळे मोठ्या मापाची चांगली जुनी टॉप हॅट इथे भरमसाट किमतीला जाते, अ‍ॅस्कॉटच्या घोड्यांच्या शर्यतींना लोक तीच घालतात. म्हणजे बघा पेठकरी, शंभर वर्षांची वस्तू दरवर्षी वापरात आहे.

लोन_स्टार_मराठी
अवांतर: न्यूयॉर्कमध्ये १९२२ साली हॅटवरून दंगल झाली होती. गवती हॅट १५ सप्टेंबरनंतर घालायची नाही असा अलिखित नियम होता, पोरांनी त्याच्या दोन दिवस आधीच रस्त्यातल्या लोकांच्या हॅट हिसकावून तुडवायला सुरुवात केली, आणि ते कितीतरी दिवस चाललं. पोलिसांनी पकडापकड केली.

तांबडापांढरा
आयला! टोपीवरनं मारामारी फक्त आपल्याकडंच हुतीय असं वाटायचं.

वऱ्हाडी_ठेचा
रात्री लिहितो म्हटलं होतं, आता बसलो. माझे आजोबा जंगलखात्यात, मेळघाटात. त्यांची सोला हॅट मी आजही मे महिन्यात शेतावर घालतो. वजन हातात घेतलं तर काहीच नाही. वरून खाकी कापड, काठाच्या खालच्या बाजूला हिरवं कापड, ते कशाला तर जमिनीवरून येणारी चकाकी डोळ्यांना लागू नये. आतली चामड्याची पट्टी टोपीला चिकटलेली नाही, मधे छोटे तुकडे लावून अंतर ठेवलंय, तिथून वारा वर जातो आणि माथ्यावरच्या बोंडाखालच्या भोकातून बाहेर पडतो. आजोबा भोवती गुंडाळलेलं कापड विहिरीच्या पाण्यानं ओलं करायचे. पंचेचाळीस डिग्रीमधे डोकं थंड राहतं राजेहो, आजकालच्या त्या कापडी कॅपमधे डोकं शिजते.

निवडुंगभाऊ, तुमचं बरोबर असेल, साहेबाचीच होती. पण माझ्या आजोबानं त्या हॅटमधे अख्खं आयुष्य जंगल राखलं. माझ्यासाठी ती त्यांची हाय.

निवडुंग
ठेचाभाऊ, यावर माझ्याकडे उत्तर नाही. वापरा खुशाल.

काळाघोडा
सोलाची एक आठवण वाचलेली. विलायतेहून येणारे साहेब पोर्ट सैदला बोट थांबली की सायमन आर्ट्झच्या दुकानात सोला हॅट विकत घ्यायचे, कारण सुएझ ओलांडलं की ऊन सुरू. आणि नोकरी संपवून कायमचे परत जाताना तीच हॅट समुद्रात फेकून द्यायचे, असा रिवाजच होता. दुसऱ्या महायुद्धात लक्षात आलं की हॅटशिवाय उन्हात उभं राहूनही गोरा माणूस मरत नाही, आणि सैन्यानं ती सोडूनच दिली.

हुगळीकाठ
मराठी माणूस, मुक्काम कोलकाता. गोदाकाठ यांनी सोला दुरुस्तीचं विचारलं होतं, त्याला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही म्हणून लिहितो.

शोला (सोला हॅट याचीच) ही पाणथळ जागेत उगवणारी वनस्पती. बाहेरची तपकिरी साल काढली की आत पांढराशुभ्र, हलका गाभा. कारागीर लांब पात्याच्या सुरीनं तो गाभा गोल गोल फिरवत कागदासारखा सलग सोलत जातो. हॅटसाठी असे पापुद्रे साच्यावर खळीनं एकावर एक चिकटवत आणि वाळले की वरून कापड बसवत. इथे आजही मालाकार लोक शोल्याचं काम करतात, पण ते लग्नातला नवरदेवाचा टोपोर म्हणजे मुकुट आणि दुर्गेचा साज. हॅट बनवत नाहीत. तरी काठ तुटला असेल, खळगा पडला असेल तर नवे पापुद्रे लावून बेमालूम दुरुस्त करून देतात, मी एक करून घेतली आहे. कापड मात्र आधी काळजीपूर्वक उसवून न्यावं लागतं.

दुसरं असं की ती खळ आणि गाभा दोन्ही किड्यांना आवडतात. हॅट कानाजवळ हलवून बघा, आत भुसा सरकल्यासारखा आवाज आला तर आतून पोखरली गेलीय. अशी हॅट वापरू नका, कपाटात ठेवा. आणि पावसात कुठलीही सोला नेऊ नका, पाणी पिऊन ती लगद्यासारखी मऊ पडते. ठेचासाहेब, भोवतीचं कापडच ओलं करा, टोपी भिजू देऊ नका.

वऱ्हाडी_ठेचा
हो हो, आजोबापण तेवढंच करायचे. धन्यवाद हुगळीकाठ, आवाजाची युक्ती माहीत नव्हती. हलवून पाहिली, शांत आहे.

बडोदेकर
आमच्या बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या काळातल्या गायकवाडी पगड्या काही घरांत आहेत, चपट्या, गोल. पारशी शेजाऱ्यांकडे डगलीबरोबरची (डगली म्हणजे त्यांचा पांढरा कोट) ती ताठ, चकचकीत पगडी होती, मुंबईच्या फोर्टातल्या पुतळ्यात दादाभाईंच्या डोक्यावर आहे तशी. ती बनवणारे हात तर आता फारच थोडे. पगडी बांधणारे पगडबंद पूर्वी प्रत्येक पेठेत असायचे, ती कला गेली की जुनी पगडी उसवल्यावर परत कोण बांधणार? या बाबतीत पेठकरींच्या बाजूनं आहे, पगडी घालू नका.

पेठकरी
पुणेरी पगडी बांधणारे आहेत अजून, २००९ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. लग्न, सत्कार, गायनाच्या मैफली, नव्या पगड्यांना मागणी भरपूर आहे. पण जुन्या पगडीचं कापड इतकं पीळ देऊन बसवलेलं असतं की एक पदर सुटला की सगळं ढिलं पडतं. म्हणून मी जपा म्हणत होतो. फेल्टबद्दल वरचे प्रतिसाद वाचून माझं मत थोडं बदललंय, फेल्ट घाला. आमची पगडी मात्र दसऱ्यालाच निघणार.

गोदाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. माझंही ठरलं: फेल्ट आणि मजबूत सोला वापरायची, पोखरलेली सोला, पगडी आणि चळवळीतली खादी टोपी ठेवायची. आणि चंद्रभागाताईंचं वाचून एक कळकळीची विनंती. ज्यांच्या घरात अशी कुठलीही टोपी आहे त्यांनी आजच घरातल्या सर्वात वयस्कर माणसाला विचारून, कुणाची, कुठे नोकरी, कुठल्या सालातली, कुठे घेतली, हे कागदावर लिहून टोपीबरोबर ठेवा. पेनानं नाही, पेन्सिलीनं, शाई उतरते. माझ्याकडच्या किती हॅट निनावी आहेत याचं मला खरंच वाईट वाटतं. चांगली माणसं असणार ती सगळी.

तांबडापांढरा
हे बाकी लाखातलं बोललासा.

सावली_१९
नवीन आहे इथे. वडिलांच्या करड्या फेल्टची काठाची फीत एका बाजूनं सुटली आहे. घराजवळच्या एका ड्रायक्लीनरकडे दिली होती, त्यांनी डिंकानं चिकटवून दिली, आता तिथे डाग पडलाय आणि फीत परत सुटलीच. काय करू?

थेम्सतीरी
डिंक नको, आणि दुसरीकडे धुवायलाही देऊ नका. फीत जिथपर्यंत सुटली आहे तिथेच थांबवा, पुढे ओढू नका. बारीक सुई, त्याच रंगाचा रेशमी धागा, आणि जुन्या शिलाईची भोकं दिसतात त्याच भोकांतून टाका घालायचा, नवीन भोक पाडायचं नाही. डिंकाचा डाग वाळलेला असेल तर आधी मऊ ब्रशनं जेवढा उडेल तेवढा उडवा. फोटो टाका, मग सांगतो.

चंद्रभागा
सावली, पुण्यात असशील तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर. टाके मी घालून देते.